माणसाला कडता नाही

शमीम सिस्टरांना 'माहीत नाही' हे चार भाषांत म्हणता यायचं. मराठीत तर यायचंच. घरची बोली दखनी, तिच्यात 'मालूम नै'. पूर्व भागातल्या विणकरांसाठी तेलुगूत 'तेल्वदु' आणि अक्कलकोटकडून येणाऱ्या पेशंटांसाठी कन्नडमध्ये 'गोत्तिल्ला'. या शेवटच्या दोन भाषांत बाईंना धड पाणी मागता येत नव्हतं, पण हे दोन शब्द त्यांनी मुद्दाम विचारून, घोकून पाठ केले होते. हॉस्पिटलात नोकरी करणाऱ्या माणसानं 'माहीत नाही' पाठ करावं, हे मला काही पटायचं नाही. आमच्याकडं सगळ्यांना सगळं माहीत असतं. लिफ्टमनला विचारा, तोसुद्धा औषध सांगेल.

मी कॅथलॅबमधला टेक्निशियन. हृदयाच्या रक्तवाहिन्यांचे फोटो काढतात, कुठं अडथळा दिसला तर स्टेंट बसवतात, ती आमची खोली. सोलापुरात स्टेंटला स्टेंट कुणी म्हणत नाही, स्प्रिंग म्हणतात. पंचवीस वर्षं मी त्या खोलीत काढली. पडद्यावर मध्येच तुटलेली काळी रेघ स्प्रिंग बसल्यावर एकदम खालपर्यंत धावते, ते बघायला मला आजही आवडतं. त्यामुळं शमीम सिस्टरांचं आणि माझं पहिल्या दिवसापासून वाजलं.

झालं असं, की आमच्या मोठ्या डॉक्टरांनी एका अभ्यासात भाग घ्यायचं ठरवलं. ज्यांचं हृदय कमजोर झालंय आणि रक्तवाहिन्यांतही अडथळे आहेत, अशा पेशंटांचे दोन गट. एका गटाला स्प्रिंग आणि गोळ्या, दुसऱ्याला नुसत्या गोळ्या. कोण कुठल्या गटात जाणार हे डॉक्टर ठरवणार नाहीत, पेशंटही नाही, कॉम्प्युटर ठरवणार. मग वर्षानुवर्षं सगळ्यांच्या मागं राहायचं आणि कोण जगतं, कोण पुन्हा ॲडमिट होतं, ते बघायचं. अटॅक घेऊन आलेला माणूस यात नव्हता, तो सरळ माझ्या टेबलावर. हे पेशंट दम लागणारे, पाय सुजणारे. वाहिनी उघडून त्यांच्या थकलेल्या हृदयाला काही मिळतं का, एवढाच प्रश्न. मला तर तो प्रश्नच वाटत नव्हता. चोंदलंय तर मोकळं करा, त्यात अभ्यास कसला डोंबलाचा!

पेशंटांच्या मागं राहायचं काम शमीम सिस्टरांकडं आलं. बुटकी, काटक बाई. डोक्यावर पांढरी ओढणी, मनगटावर पुरुषी घड्याळ, पायांत काळे रबरी बूट. ओपीडीच्या कोपऱ्यात त्यांचं टेबल आणि टेबलाशेजारी वजनकाटा. पेशंट दिसला की नमस्कारचमत्कार नंतर, आधी चप्पल काढून काट्यावर. कमजोर हृदय पाणी धरून ठेवतं, दोन दिवसांत वजन दोन किलो वाढलं तर ती चरबी नसते, पाणी असतं. रोज सकाळी, चहाच्या आधी, वजन करा आणि लिहा, हे त्या इतक्यांदा सांगायच्या की ओपीडीतल्या झाडूवालीलाही पाठ झालं होतं.

दुसरी खोड नडगी दाबायची. अंगठ्यानं नडगी दाबायची, खड्डा पडून राहिला तर सूज. पेशंटांची दाबायच्या ते ठीक. पण माझ्या मुलीच्या लग्नात, पंगतीला बसलेल्या माझ्या मावससासऱ्यांपुढं त्या उकिडव्या बसल्या आणि धोतर वर करून त्यांची नडगी दाबली. म्हातारा दचकून उठलाच. मी रागावलो, की सिस्टर, लग्न आहे हो! त्या म्हणाल्या, "गायकवाडभाऊ, खड्डा पडला. सोमवारी घेऊन या त्यांना." सोमवारी आणलं. सिस्टरांचं खरंच निघालं.

आमचा नरसय्या म्हणून एक विणकर पेशंट होता. अभ्यासात यायचं की नाही हे सिस्टर त्याला समजावत होत्या. सगळं ऐकून त्यानं नेमकं विचारलं, "सिस्टर, तुमचे वडील असते तर तुम्ही काय केलं असतं? स्प्रिंग, का गोळ्या?"

"तेल्वदु," सिस्टर म्हणाल्या.

त्याची बायको भडकली. "माहिती नाही तर हितं कशाला बसलाय? माहिती असल्याला बोलवा की!"

"अम्मा, माहीत असलेला कुणीच नाही. असता तर तुम्हाला विचारत बसलो असतो का? सरळ केलं असतं."

नरसय्याला हसू आलं. त्यानं सही केली आणि कॉम्प्युटरनं त्याला स्प्रिंग दिली. तीन महिन्यांनी बाईंच्या लक्षात आलं की पठ्ठ्यानं गोळ्या बंद केल्यात. त्या थेट त्याच्या घरी गेल्या. मागाला अडकवलेल्या पिशवीत गोळ्यांची पाकिटं जशीच्या तशी. "स्प्रिंग बसली की, आता गोळ्या कशाला?" असं त्याचं म्हणणं. सिस्टर माग बंद करायला लावून तिथंच बसल्या. त्यानं त्यांच्यासमोर गोळी गिळली, मग त्या उठल्या.

वैरागच्या बापूंची गोष्ट तर मी कितीतरी जणांना सांगितली आहे. बापूंचं वैरागच्या बाजारात कुलपं, कड्या, बिजागऱ्यांचं दुकान. त्यांना नुसत्या गोळ्या आल्या. दोन महिने माणूस फुगून बसला होता. "मलाच नुस्त्या गोळ्या व्हय? मी काय घोडं मारलंय?" असं प्रत्येक वेळी. सिस्टर ऐकून घ्यायच्या. "बापू, केव्हाही बाहेर पडता येतं. सांगा, आज काढते नाव." बापू नाव काढायचे नाहीत आणि बोलणंही थांबवायचे नाहीत.

घरी वजनकाटा नव्हता. शेजारी अडत दुकान होतं, तिथल्या पोत्यांच्या काट्यावर बापू रोज सकाळी उभे राहायचे. मारुती तोलार वजन बघून सांगायचा, बापू कॅलेंडरवर लिहायचे आणि सोमवारी सिस्टरांना फोन करून आठवडा वाचून दाखवायचे. सगळं सुरळीत चाललं होतं.

एका सोमवारी फोन आला तेव्हा मी सिस्टरांच्या टेबलाशीच उभा होतो, एका फायलीवरून भांडायला. बापू पलीकडून वाचत होते. चौसष्ट, चौसष्ट, चौसष्ट. "लई बरं हाय, सिस्टर."

सिस्टरांनी पेन खाली ठेवलं. "बापू, परत म्हणा."

"लई... बरं हाय."

"मध्ये थांबलात का?"

"कुटं थांबलो?"

"आत्ताच्या आत्ता निघा. गाडी करा, मुलाला घेऊन या. वजन चौसष्ट असू दे नाहीतर चाळीस."

बापू आले ते टेकत टेकत. आमच्या काट्यावर त्यांचं वजन भरलं सहासष्ट. पायाला खड्डे, छातीत पाणी. चार दिवस ठेवून घ्यावं लागलं. बापू शपथेवर सांगत होते की काट्यावर चौसष्टच यायचं. कुणीही म्हणालं असतं, म्हातारा खोटं लिहितो. सिस्टर म्हणाल्या, हा माणूस तोंडावर शिव्या देणारा आहे, खोटं नाही लिहिणार. आणि रविवारी, स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी, एसटीनं वैरागला गेल्या आणि अडत दुकानातल्या काट्यावर स्वतः उभ्या राहिल्या.

मारुती लेकीकडं गेला होता. नागनाथ नावाचा दुसरा तोलार होता. त्यानं काटा बघितला आणि म्हणाला, "बावन्न."

"माझं वजन चोपन्न आहे. काल केलंय."

"चोपन्नच हाय की ताई. दोन कडता."

धान्य तोलताना पोत्याचं, माती-कचऱ्याचं म्हणून वजनातून काही किलो कापतात, त्याला कडता म्हणतात. नागनाथाचा जन्म पोती तोलण्यात गेलेला. काट्यावर काही चढलं की त्याच्या तोंडून कडता वजा करूनच आकडा यायचा. तसा तो रोज बापूंचाही कापत होता. मारुती कापायचा नाही. त्यामुळं मारुती गेला नेमकं त्याच वेळी बापूंच्या अंगात दोन किलो पाणी चढलं, नागनाथानं तेवढंच कापलं आणि कॅलेंडरवर चौसष्टचे चौसष्ट राहिले. गरीब बिचारा नागनाथ रडकुंडीला आला. "मला काय म्हाईत वो, सवय हाय हाताला."

सिस्टर त्याला एका शब्दानं बोलल्या नाहीत. दुकानातला खडू घेतला आणि काट्यामागच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'माणसाला कडता नाही'. पुढं अडत्यानं ते रंगानं पक्कं करून घेतलं. मी ते डोळ्यांनी बघून आलोय.

आता हमीदभाईंचं सांगतो. ते सांगायचं म्हणूनच लिहायला बसलो आणि मघापासून टाळतोय.

हमीदभाई म्हणजे सिस्टरांचे यजमान. टेम्पो चालवायचे. कारखान्यातून चादरींचे गठ्ठे उचलायचे आणि ट्रान्सपोर्टच्या गोदामात टाकायचे. शुक्रवार पेठेत वरच्या मजल्यावर घर. मोठा हसरा माणूस. बायकोला घ्यायला आले की गेटवरूनच ओरडायचे, "चला वो सिस्टर, आज कितने पाय दबाए?"

त्या माणसानं बूट सोडून चपला घालायला सुरुवात केली, जिना चढताना मधल्या पायरीवर थांबून शेजाऱ्याशी गप्पा मारायला लागला आणि आडवं पडलं की दम लागतो म्हणून उशाला तीन उशा घ्यायला लागला. सिस्टरांना कळलं नाही. मोजे घालून झोपायचे हमीदभाई, थंडी वाजते म्हणायचे. सोलापुरात कसली आलीय थंडी! एक दिवस मोजे धुवायला काढले तेव्हा नडगीवर रबराचा खोल वळ दिसला. "साऱ्या गावाच्या नडग्या दाबल्या गायकवाडभाऊ, घरची तेवढी राहिली," एवढंच त्या मला म्हणाल्या.

तपासण्या झाल्या. हृदय बरंच कमजोर, तीन ठिकाणी अडथळे, छातीत दुखणं नाही. म्हणजे अगदी अभ्यासात बसणारा पेशंट. मोठे डॉक्टर भले माणूस. म्हणाले, "सिस्टर, तुम्ही आपल्या घरच्या. अभ्यास राहू द्या बाजूला. तुम्ही म्हणाल तर उद्या सकाळी स्टेंट टाकू." मी तर टेबल तयार ठेवलं होतं.

सिस्टर म्हणाल्या, "त्यांना विचारा. मी विचारणार नाही, मी घरची आहे. दुसऱ्या सिस्टरला सांगा समजवायला."

दुसऱ्या सिस्टरनं सगळं समजावलं. हमीदभाईंनी ऐकलं आणि बायकोकडं वळून विचारलं, "तू क्या बोलती?"

"मालूम नै जी."

हमीदभाई खो खो हसले, मग खोकला आला. "तीस साल में पैली बार इसको कुछ मालूम नै!" आणि त्यांनी सही केली. "सबका जो होता, वो मेरा होता."

कॉम्प्युटरनं नुसत्या गोळ्या दिल्या.

माझं डोकं फिरलं. मी ओपीडीत जाऊन सगळ्यांदेखत ओरडलो. "सिस्टर, तुमचा नवरा आहे तो! काढा त्यांना बाहेर. कागदावर लिहिलंय की केव्हाही बाहेर पडता येतं!"

"येतं. मी रोज सांगते त्यांना."

"मग?"

"ते नाही म्हणतात."

"तुम्ही हट्ट केलात तर ऐकतील!"

"बापूंसाठी मी हट्ट केला होता का? तेही कुणाच्या तरी घरचेच आहेत."

मी तणतणत निघून आलो. दुपारी, लॅब रिकामी असताना, सिस्टर आल्या. आजवर कधी माझ्या खोलीत न आलेली बाई. म्हणाल्या, "त्यांची फिल्म दाखवा." मी लावली. पडद्यावर हमीदभाईंचं हृदय हलत होतं आणि त्या तीन जागा स्पष्ट दिसत होत्या. सिस्टर जवळ गेल्या आणि एका जागेवर बोट ठेवलं.

"किती सोपं दिसतं ना, भाऊ? इथं बंद आहे. उघडलं की झालं."

"मग उघडू या की, सिस्टर!" मी हात जोडले. खरंच जोडले.

त्यांनी पडद्यावरचं बोट काढलं. मग ओढणीत तोंड घालून रडायला लागल्या. मी आयुष्यात त्यांना तेवढंच एकदा रडताना पाहिलं. "उघडल्यावर तो स्नायू उठून बसेल असं मला मालूम असतं तर मी त्यांना खांद्यावर घालून आणलं असतं हो. पण मालूम नै. आणि घरात भीती वाटली म्हणून मालूम आहे असं सांगू? मग इतकी वर्षं लोकांना काय सांगत होते मी?" तोंड पुसलं आणि त्या परत टेबलावर गेल्या. पुढचा पेशंट काट्यावर उभा होता.

हमीदभाईंना गोळ्या मानवल्या. सूज उतरली, तीन उशांची एक झाली. टेम्पो चालवणं सोडलं, पण गोदामात जाऊन चहा पिऊन यायचे. घरात काटा आला. सिस्टरांनी लोणचं-पापड घरातून हद्दपार केलं. शेंगाचटणीसुद्धा! सोलापूरच्या माणसाच्या ताटातून शेंगाचटणी काढायची म्हणजे केवढी शिक्षा. दोन वर्षं चांगली गेली. मलासुद्धा वाटायला लागलं की मी उगाच ओरडलो.

मग एका दुपारी जेवून उठताना हमीदभाई जागच्या जागी कोसळले. सिस्टर ड्यूटीवर होत्या. आणेपर्यंत सगळं संपलं होतं.

मयतीच्या दिवशी शुक्रवार पेठेतल्या त्या गल्लीत मी उभा होतो. हमीदभाईंची थोरली बहीण, मुमताजआपा, दारातच सिस्टरांसमोर उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "दुनिया को स्प्रिंग डालते तुमारे दवाखाने में. मेरे भाई कोच नै मिली? नर्स हो के मार डाली ना गे!" कुणी तिला आवरलं नाही. सिस्टर खाली मान घालून उभ्या राहिल्या. पुढं होऊन काही बोलावं असं मला वाटलं. पण काय बोलणार? मीसुद्धा त्यांना तेच म्हणालो होतो, जरा सभ्य शब्दांत.

त्यानंतर, नवरा गेल्यावर पाळायच्या इद्दतीचे चार महिने दहा दिवस त्या घराबाहेर पडल्या नाहीत. आम्हाला वाटलं, पेशंटांचं सगळं विस्कटणार. पण सोमवारी ठरल्या वेळेला बापूंना फोन गेला. "बापू, वजन सांगा." नरसय्याला गेला. एकूणएकाला गेला. घरात बसून, पांढऱ्या कपड्यांत, त्या वजनं लिहून घेत होत्या. बापू मला नंतर म्हणाले, "मी रडाया लागलो फोनवर, तर मलाच म्हनली, रडू नका, दम लागंल."

त्या परत आल्या त्याला बराच काळ लोटल्यावर एका दुपारी अभ्यासाचा निकाल आला. मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांना बोलावून वाचून दाखवला. स्प्रिंग घेतलेल्यांत मरण कमी नव्हतं, ॲडमिट होणंही कमी नव्हतं. दोन्ही गट सारखेच. आधी मला राग आला, खोटं कशाला सांगू? मग एकदम सिस्टरांची आठवण होऊन मी मागं वळून पाहिलं. सगळेच वळले होते. मला वाटलं, चला, बाई सुटली. मुमताजआपाच्या तोंडावर मारायला कागद मिळाला.

सिस्टरांनी हात वर केला. "साहेब, मग हमीदचं?"

डॉक्टर घुटमळले. "सिस्टर, हे गटाचं आहे. पुढच्या पेशंटला काय सांगायचं ते यातून कळतं. एका माणसाचं असं... त्यांना स्टेंट टाकला असता तर काय झालं असतं, हे नाही सांगता येत."

"म्हणजे त्यांचं मालूम नैच," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या.

पुढच्या दोन आठवड्यांत त्यांनी सगळ्या पेशंटांना फोन करून निकाल सांगितला. जे गेले होते त्यांच्या घरीही सांगितला. मुमताजआपाच्या घरी मात्र सांगितला नाही. तिथून येणं-जाणंच बंद होतं.

मग त्या निवृत्त झाल्या आणि मुलीकडं हैदराबादला जायचं ठरलं. शेवटच्या आठवड्यात मी निरोप घ्यायला ओपीडीत गेलो, तर टेबलासमोर मुमताजआपा. बुरखा, हातात काठी, पायांत पुरुषी चपला. बाकीच्या चपलांत पाय मावत नसणार. इतक्या वर्षांनी ती आपणहून आली होती. सिस्टर तिच्यासमोर उकिडव्या बसून नडगी दाबत होत्या. अंगठा काढला तरी खड्डा तसाच राहिला.

मुमताजआपा वरून त्यांच्याकडं बघत होती. मग म्हणाली, "शमीम, सच बोल. स्प्रिंग डालते तो मेरा भाई बचता था क्या?"

 आता सांगून टाका, असं मनात म्हणत होतो. नव्हता वाचत, दोन्ही गट सारखेच, कागद आहे माझ्याकडं. एवढं म्हणण्याचा हक्क त्या बाईला नव्हता तर कुणाला होता? दोघींनाही झोप लागली असती.

सिस्टरांनी मान वर केली. त्यांनी निकाल सांगितला, दोन्ही गटांचा, जसा बापूंना सांगितला होता तसाच. आणि पुढं म्हणाल्या, "लेकिन उनका, आपा, मालूम नै. कभीच नै होता मालूम."

 मुमताजआपानं काठी मला धरायला दिली, सिस्टरांच्या खांद्यावर हात टेकला, चपला काढल्या आणि काट्यावर चढली.

"बुरखे का एक किलो काट गे," ती म्हणाली.

"नै काटती, आपा," सिस्टर म्हणाल्या आणि चष्मा पुसून आकडा लिहून घेतला.